तपासणीसाठी राखलेला कॅन

मी पाच लिटरचा कॅन बोलतोय. माझ्या पोटात फरशी आणि संडास धुण्याचं औषध आहे. सुरतेबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात नारळाच्या तेलापासून ते बनलं. कितीतरी चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे मला हिरवं लेबल लागलं. याने हात भाजत नाहीत, गटारात गेलं तरी पाणी नासत नाही, असं त्यावर लिहिलंय. केवढा अभिमान होता मला!

सरकारी कचेऱ्यांनी असलाच माल घ्यावा, असा वरून हुकूम सुटला. सुरतेतल्या एका कचेरीने घेतला. एकच, मला. स्टोअर सांभाळणाऱ्या सुधाकरभाऊंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं, लेबल पुढे करून. साहेब लोक येत, वाचत, मान डोलवून जात. झाकणाला हात कुणी लावला नाही.

थांबायची ती फक्त कमल. शहरातल्याच नवागाम वस्तीतून येणारी सफाईवाली, मूळची अमळनेरकडची.

"भाऊ, मना हात दखा. ॲसिडनं सालटी निघाली. तो हिरवा डबा द्या ना."

"कळतं गं कमलबाई. पण साहेब म्हणतात, वरच्या अधिकाऱ्यांची तपासणी होऊ दे, मग उघडू."

तपासणीच्या दिवशी संडास लखलखीत हवेत, असं साहेबांनी बजावलं. ॲसिडने डाग हटेनात, म्हणून कमलने वर ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही मिळून विषारी वायू उठला. खिडकी बंद होती. अधिकारी माझं लेबल वाचत होते, तेवढ्यात तिचा खोकला ऐकू आला. तो थांबेचना. मग धप्पकन आवाज झाला. सुधाकरभाऊ धावले. मी दहा पावलांवर होतो, सीलबंद.

ती वाचली. पण दम लागतो, म्हणून घरीच साड्यांचे धागे कापत बसते. तिच्या जागी प्रमिलाबाई आल्या. सुधाकरभाऊ कमलला भेटून आले, ते थेट कपाटापाशी. साहेबांना न विचारता त्यांनी माझं सील फोडलं.

"कमलनं एकच विचारलं," ते प्रमिलाबाईंना म्हणाले, "नव्या बाईला धुवायला काय दिलंत? घ्या हा. साहेब बोलले तर माझं नाव सांगा."

आता मी संडासाच्या कोपऱ्यात असतो. लेबल भिजून सुटलंय, पोटात जेमतेम चार बोटं औषध उरलंय. प्रमिलाबाईंचे हात धड आहेत. ज्या हातांसाठी मी होतो, त्यांना मात्र माझा थेंबही लागला नाही.

माझ्यामागून दुसरा कॅन येईल. त्याला पहिल्याच दिवशी उघडा.