तीजाबाईंच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून

शहाद्याच्या पेठेतल्या माणकचंद शेठांच्या बैठकीचं छत म्हणजे वडिलांच्या वेळचा चुन्याचा गिलावा. तो हल्ली पाहुण्यांच्या पगडीवर पडू लागला होता. एकदा चहात ढेकूळ पडलं, ते पाहुण्यानं साखर समजून ढवळलं. तेव्हा शेठांनी गवंडी बोलावला.

अडचण एकच. बैठकीला लागून असलेल्या खोलीत शेठांची बायको तीजाबाई दम्यानं अंथरुणाला खिळलेली. वैद्य बजावून गेले होते, "धूळ छातीत गेली, की माझं औषध विसरा." सारंगखेड्याहून बहीण न्यायला आली, तर तीजाबाई म्हणाल्या, "खाटेवर घालून मी या घरातून एकदाच निघणार. मला घाई नाही."

मग शेठच कंबर कसून उभे राहिले. तिच्या दाराला दुहेरी चादर ठोकली. ती सारखी भिजवायची. फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. गिलावा पाणी मारूनच खरडायचा, ढिगारा ओल्या गोणपाटात गुंडाळून मागच्या दारानं न्यायचा. घर जैनाचं, त्यामुळे छतावर मारायचं पाणीसुद्धा आधी गाळून घेतलं जाई.

"शेठ, छतले इतली आंघोय नका घाला," धुडकू गवंडी परांचीवरून म्हणाला, "सरदी व्हई त्याले."

"तू खरड. हळू खरड."

शेठ तोंडाला फडकं बांधून, तांब्या घेऊन दाराशी उभे. डोक्यापासून धोतरापर्यंत पांढरे. दुपारी आतून हाक आली.

"सुणो हो? जरा आत या."

"आत कसा येऊ? अंगभर चुना आहे."

"असू दे. या ना."

"वेडी का काय! मग हा खटाटोप कशासाठी? संध्याकाळी आंघोळ करून येतो."

"सकाळपासून तुमचं तोंड दिसलं नाही."

"त्यात पाहण्यासारखं काय उरलंय?"

ती हसली. हसता हसता खोकली. शेठांनी तो खोकला ऐकला आणि चादरीवर आणखी एक तांब्या ओतला.

थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, बारीक. "झालंच, कोपरा तेवढा राहिलाय," शेठ म्हणाले. त्यानंतर हाक आली नाही. तिचा डोळा लागला असं समजून त्यांनी धुडकूला हातानंच खूण केली, अजून हळू.

काम उरकलं. शेठांनी रगडून आंघोळ केली, नखं कोरली, धुतलेलं धोतर नेसले आणि चादरीची कड जेमतेम उचलून आत शिरले.

आत धुळीचा कण नव्हता. तीजाबाईंचं तोंड दाराकडे होतं. हात खाटेबाहेर लोंबत होता, गार.

बऱ्याच वेळानं धुडकूनं बाहेरून विचारलं, "शेठ? काय व्हयनं?"

शेठांनी आतून चादर ओढली. ती खिळ्यांसकट खाली आली. धुडकूनं आत पाहिलं, डोक्याचं फडकं काढलं आणि उंबऱ्याशीच थबकला. त्याच्या अंगावरून चुना गळत होता.

"पाय धोईसन येस, शेठ."

"नको," शेठ म्हणाले. "तसाच ये."