सत्त्याण्णव टक्के

विहंगच्या गेमच्या रिमोटला वेफर्सचं तेल लागलेलं असायचंच. अवंती तो दोन बोटांनी, मेलेली पाल उचलावी तसा उचलायची, सोफ्याच्या कव्हराला पुसायची आणि मगच गेम चालू करायची.

"तू माणूस आहेस की भजी?"

"पुसून घे ने," विहंग मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा.

विहंग तिच्या मामाचा मुलगा. बडोद्यात कारेलीबागेत फ्लॅट, भिंतभर टीव्ही, आणि मामाने त्याच्या वाढदिवसाला आणलेला एक गेम, ज्याच्यासाठी खरी इलेक्ट्रिक गिटारही घ्यावी लागली होती. गिटारची केबल गेमच्या डब्यात घुसवायची. मग टीव्हीवर एक लांब रस्ता दिसायचा आणि त्यावरून रंगीत ठोकळे धावत यायचे. निळा ठोकळा आला की निळी तार, नारिंगी आला की नारिंगी. ठोकळ्यावर आकडा असेल त्या घरात बोट दाबायचं. बरोबर वाजलं की ठोकळा फुटायचा, चुकलं की नुसताच निघून जायचा. मागे पूर्ण गाणं चालू असायचं, ड्रम, गाणारा, सगळं. विहंगने आठवडाभर वाजवली, बोटं दुखली म्हणून ठेवून दिली. अवंतीने उचलली ती सोडलीच नाही. तिच्या बोटांची टोकं सोलली, सालं निघाली, हाताला सारखा गंजक्या लोखंडाचा वास यायला लागला. तो वासही तिला आवडत नव्हता, पण तो तिचा स्वतःचा होता.

तिला वेळच वेळ होता. शाळा तिने दहावीच्या अर्ध्यातच सोडलेली. त्याचं असं झालं, नववीच्या गणिताच्या पेपरात तिने फक्त नाव आणि तारीख लिहिली होती, तरी मार्कशीटवर तेहतीस आले. पास. हे कुठून आले, असं तिने बाईंना विचारलं. बाई गोड हसल्या. "जाऊ दे ने बेटा, चढवलंय तुला." त्या हसण्याची तिला अशी शिसारी बसली की पुढे बाई वर्गात आल्या की हिला मळमळायचं. शेवटी एक दिवस कंपास बॉक्स भिंतीवर आपटून ती निघाली ती परत गेलीच नाही.

तिचं घर शहराबाहेर, बाजव्याला. बाबा, जनार्दन शिर्के, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर. आई तर हिच्याशी बोलायच्या आधी आजूबाजूला फुटण्यासारखं काय आहे ते बघायची. बाबाही आवाज खाली ठेवूनच बोलायचे, पण गणपतीत एकदा त्यांनी धीर केला.

"नवरात्रीत कुठल्याही ऑर्केस्ट्रात उभी राहून दाखव. मी दहावीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गुपचूप सुनेत्राबाईंच्या क्लासला बसायचं आणि बाहेरून परीक्षा द्यायची."

"डन."

सुनेत्राबाईंचा क्लास तिने एकदा दारातून पाहिला होता. बाहेर चपलांचा ढीग, आत घामेजलेली पोरं एका सुरात सूत्रं म्हणतायत, आणि सगळ्यावर फिनाइलचा वास. तिथे बसण्यापेक्षा ती गटारात बसायला तयार होती.

म्हणून ती रोज शटल रिक्षात कोंबून घेऊन कारेलीबागेत यायची. एकच गाणं धरलं आणि घासलं. ऐंशी टक्के, नव्वद, एक दिवस सत्त्याण्णव. टीव्हीवर सोनेरी अक्षरं नाचली. मामी सेव-उसळीच्या प्लेटा घेऊन आली आणि टीव्हीकडे न बघताच म्हणाली, "वा गं माझी राणी."

"तू ऐकलंस तरी का?"

"ऐकलं ने. फक्कड."

खोटारडी, अवंतीच्या मनात आलं. पण आकडा तर समोर होता. माणसं खोटं बोलतात, मशीन कशाला बोलेल?

ऑर्केस्ट्रा पीयूषभाईंचा. सावली रोडच्या एका पार्टी प्लॉटच्या बंद हॉलमध्ये त्यांची प्रॅक्टिस चालायची. विहंगने तिला त्याच्या गिटारसकट स्कूटरवर सोडलं आणि तो बाहेरच थांबला. आत ढीगभर वायरी, मागच्या कुठल्यातरी लग्नाची कुजलेली झेंडूची तोरणं, आणि एक ड्रमवाला, गालात मावा कोंबलेला.

"आव बेन, बेस," पीयूषभाई खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. आडनाव ऐकल्यावर ते मराठीत घुसले. बडोद्यात सगळेच थोडे घुसतात. "क्लास कुठे केला?"

"नाही केला. गेमवर शिकले."

ड्रमवाल्याचं चघळणं थांबलं.

"सारु. चाल, ए मायनर पकड."

अवंतीने गिटारकडे पाहिलं. सहाही तारा एकाच रंगाच्या, राखाडी. "कुठला रंग?"

"हं?"

"म्हणजे निळी तार की नारिंगी?"

ड्रमवाला असा फिस्सकन हसला की सुपारीचा एक ओला तुकडा उडून तिच्या चपलेवर बसला. एरवी तिने ती चपलच त्याच्या तोंडावर मारली असती. पण पीयूषभाई हसले नाहीत, एवढ्यावर ती थांबली.

"जे येतं ते वाजव," ते म्हणाले.

तिने सत्त्याण्णववालं गाणं धरलं. पहिला सूर बरा आला. मग काहीच नाही. मग एक सूर. मग पुन्हा काहीच नाही. गेममध्ये ह्या जागी बोटं विसावायची आणि गाणं आपलं धावत राहायचं. इथे त्या जागी ट्यूबलाइटचं गुणगुणणं ऐकू आलं. ड्रमवाल्याची लाळ ऐकू आली. तारा डासासारख्या किणकिणत होत्या. गेममध्ये त्या कधी अशा किणकिणल्या नव्हत्या. तिने दात खाऊन शेवटपर्यंत वाजवलं.

"बाकीचं?" पीयूषभाईंनी विचारलं.

"बाकीचं काय?"

त्यांनी गिटार घेतली आणि तोच तुकडा वाजवला. ती जिथे जिथे विसावली होती तिथे तिथे त्यांची बोटं पळत होती. "हे सगळं आहे ह्यात. तू चारातला एक वाजवते."

"पण मला सत्त्याण्णव टक्के आहेत."

"माझ्या भाणियाकडे, बहिणीच्या पोराकडे, पण आहे तो गेम," ड्रमवाला म्हणाला. "नाही जमलं तर तो नोट काढून टाकतो. ठेवले तेवढ्याचे टक्के देतो. लहान मुलांना बरं वाटते."

पीयूषभाई हसले आता. गोड. "छान आहे तुझं, बेटा. पुढच्या वर्षी ये."

तेच हसणं. त्या बाईंचंच, जसंच्या तसं. अवंतीने केबल उपटली, गिटार पोटाशी धरली आणि बाहेर आली. चप्पल तिने मातीत घासली, घासली, घासतच राहिली.

विहंग स्कूटरच्या आरशात केस बघत होता.

"तुला माहीत होतं? गेम नोट कमी करतो ते?"

तो आरशातच बघत राहिला. "आपोआप करतो तो."

"आणि आपोआप वाढवत नाही?"

"वाढवतो ने. वाढवला की तू चुकायचीस, चुकलीस की भडकायचीस. पहिल्याच आठवड्यात रिमोट टीव्हीवर फेकला होतास, आठवतं? जरा चुकला म्हणून काच वाचली. शिव्या मला बसल्या. मग मी लेव्हल खाली करून लॉकच करून टाकली." तो थांबला. "मम्मी म्हणाली, तसंच राहू दे. तू खूश होतीस. घरात शांती होती."

फ्लॅटवर पोचल्यावर अवंती म्हणाली, "वर कर. पूर्ण."

"आत्ता?"

"आत्ता."

विहंगने सेटिंग उघडलं, पट्टी टोकापर्यंत नेली. मग गाणं सुरू व्हायच्या आत त्याने हळूच रिमोट उशीखाली सरकवला आणि टीपॉयवरची काचेची फुलदाणी उचलून कपाटावर ठेवली. रोज करतो तसं, सवयीने. अवंतीने पाहिलं. इतके महिने हे चाललं असणार, तिने आज पाहिलं.

मग रस्त्यावर रंग सांडले. ठोकळ्यावर ठोकळा, नुसता लोंढा. कुठला निळा, कुठला हिरवा, ती एक पकडेपर्यंत दहा निघून जात होते. गाणं संपलं. अकरा टक्के. नाचणारी सोनेरी अक्षरं नाहीत, काही नाही.

तिचा हात वळला. फेकायला जवळपास काहीच नव्हतं. त्या रिकाम्या टीपॉयकडे बघताना तिला स्वतःची अशी किळस आली, जशी सकाळी आपणच ओकलेलं पुसताना येते.

"परत लाव."

"जरा मधलं लावू का? पन्नास वगैरे..."

"विहंग."

"लावतो."

दुसऱ्यांदा नऊ आले.

संध्याकाळी ती गिटार पाठीवर अडकवून बाजव्याला आली. बाबा जनरल शिफ्ट करून खाटेवर बसले होते. आईने दोघांना चहा दिला आणि ती लगेच आत गेली. बाबांनी काय झालं ते तोंड बघूनच ओळखलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "एकच ऑर्केस्ट्रा आहे का बडोद्यात? नाही तर पुढची नवरात्र धरू. आपण कुठे पळून चाललोय."

"ठरलं काय होतं?"

"ठरलं होतं. पण तुला नको असेल तर..."

"नकोच आहे मला. तिथला वास आठवला तरी उलटी येते. पण हरले तर हरले ने, बाबा. तुम्ही पण खाली करू नका आता."

बाबांना काय खाली करायचं ते कळलं नाही. पण त्यांनी मान हलवली. "मग सोमवारपासून?"

"सोमवारपासून. आणि त्यांना सांगा, आठवीच्या पुस्तकापासून सुरू नका करू म्हणावं. कठीण तर कठीण."

मग तिने गिटार मांडीवर घेतली. ना केबल, ना टीव्ही, ना मागे गाणं. पीयूषभाईंनी वाजवलं होतं ते सगळं, मधले सूर न गाळता, आठवून आठवून वाजवायला घेतलं. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज निघत होता. बोट घसरायचं, ती थांबायची, शिवी हासडायची, पुढे जायची. तेवढा एक तुकडा संपेपर्यंत बाबांचा चहा निवला.

"कसं वाटलं?"

"छान..."

"बाबा. खरं सांगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गुडघ्याजवळच्या चहाच्या स्टीलच्या ग्लासाकडे. हात लांबवून त्यांनी तो उचलला आणि आपल्या पलीकडे, भिंतीशी ठेवला.

"घाण," ते म्हणाले. "एकदम घाण. समोरच्या लीलाताईंनी खिडकी लावून घेतली."

अवंतीने समोर पाहिलं. खिडकी खरंच बंद होती. ती थोडा वेळ नखाने जाड तार खरवडत बसली.

"हो ने," ती म्हणाली. "मलाही शिसारी येतेय."

आणि तिने तो तुकडा पहिल्यापासून धरला. बाबांनी आपला गार चहा पिऊन टाकला. तिचा ग्लास मात्र त्यांनी भिंतीशीच राहू दिला.