पान उलटल्यावर

नेहाने पेन्सिल उचलली आणि शेवटच्या पानावरचे सगळे संवाद एकामागून एक खोडून टाकले. देवासहून धारला येताना बसमध्ये मधुवंतीने हेच संवाद मनात घोळवले होते आणि एका ठिकाणी तर स्वतःच्याच लिखाणाने तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, संवादांचे एवढे लंबे फुगे काढले तर माणसं कुठे बसवू?" नेहा म्हणाली. "आणि हे 'दादासाहेब, मुजरा' हर बार?"

"आमच्याकडे असंच बोलतात."

"बोलत असतील. पण मुजरा चित्रात दिसतो ना? मग लिहायचा कशाला?"

मधुवंती शाळेत गणित शिकवायची. कॉमिक्स लिहिण्याचं खूळ वर्षभरापूर्वी डोक्यात शिरलं आणि तेव्हापासून भाजी चिरतानाही तिला चौकटी दिसत. नेहा चित्रं काढायची. तिला गोष्ट आवडली होती, पण शेवट जमला तरच काढीन, नाहीतर दुसऱ्याची गोष्ट हातात घेईन, असं तिने साफ सांगितलं होतं.

गोष्ट घरचीच होती. काकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तिच्या वडिलांचं, आबांचं नाव व्याह्यांच्या खाली छापलं गेलं, एवढंच निमित्त. आबा लग्नातून न जेवता उठले. तेव्हापासून काकांनी दसऱ्याला आपट्याचं सोनं घेऊन थोरल्या भावाकडे येणं बंद केलं. काका इथे धारलाच राहत होते, पण मधुवंतीनेही कधी त्यांचं दार वाजवलं नव्हतं. गोष्टीत मात्र तिने धाकट्याला थोरल्याच्या दारात आणून उभं केलं होतं.

"एका चौकटीत एकच काम," नेहा म्हणाली. "सांगा, धाकटा काय करतो?"

"माफी मागतो."

"ते बोलणं झालं. करतो काय?"

मधुवंतीने कोरा कागद ओढला. आपट्याची पानं धरलेली मूठ. कडीपर्यंत गेलेला आणि थबकलेला दुसरा हात. आतून उघडणारं दार. तिचा हात भराभर चालू लागला, कानशिलं तापली. इतके दिवस आपण नुसतं बोलतच होतो की काय, असं तिला वाटलं आणि हसूही आलं.

"मस्त," नेहा पुढे वाकली. "आता थोरला?"

मधुवंतीचं पेन थांबलं. थोरल्याच्या तोंडी तिने आठ ओळी घातल्या होत्या, पण तो करतो काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने सरळ आबांना फोन लावला.

"आबा, गोष्टीसाठी विचारतेय. धाकटा भाऊ सोनं घेऊन दारात उभा आहे. थोरला काय करील?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"पाठ फिरवून आत जाईल," आबा म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "म्हणजे सोनं घेणार नाही?"

"घेणार नाही कसा? टोपी आणायला जाईल. उघड्या डोक्यानं सोनं घेतात का कधी आपल्यात?"

मधुवंती खुर्चीवरून उठलीच. फोन कानाशी तसाच धरून तिने नेहाचा दंड पकडला. "उजव्या पानाची शेवटची चौकट. थोरला पाठ फिरवून आत जातो. धाकटा दारात एकटा. पान संपलं."

"अरे भिया," नेहाचे डोळे मोठे झाले. "सगळ्यांना वाटणार, गेला. आणि पान उलटलं की..."

"टोपी घालून समोर. हात पुढे केलेला."

"एक अक्षर नको, ताई."

"नकोच."

नेहाने रेघा मारायला सुरुवातही केली. मधुवंतीला नाचावंसं वाटत होतं. जमलं होतं, अगदी जसं हवं होतं तसं, आणि तिला सुचलं नव्हतं तरी तिचंच होतं.

"मधू," फोनमधून आवाज आला.

"हो, आबा."

"तो गोष्टीतच येतोय ना?"

तिने नेहाच्या कागदाकडे पाहिलं. दारातला माणूस उभा राहत होता, त्याला अजून तोंड नव्हतं. दसरा परवावर आला होता.

"ते अजून ठरायचंय, आबा," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने नेहाला काकांच्या गल्लीचं नाव सांगितलं आणि तिथे पायी जाता येतं का, ते विचारलं.