उपाशी वाफा

कारखान्याने कोंबडीची विष्ठा वाळवून, दाबून तिच्या गोळ्या केल्या आणि साहेबांनी त्यांना नाव दिलं, ‘दाणेदार हरितपोषक’. वाफ्यांवर काम करणाऱ्या मावशी त्यांना लेंड्या म्हणायच्या. शास्त्रज्ञबाईंना हसू फुटायचं, पण हसून कसं चालेल? सहा वर्षं बाई ‘तात्पुरत्या’च होत्या. चाचणी यशस्वी झाली की कायम करू, असं साहेबांनी तोंड भरून सांगितलं होतं.

कोबीचे दोन वाफे. एकाला गोळ्या, दुसरा तुलनेसाठी विनाखत; दोन्हींवर तशा पाट्या.

“याला काही म्हणजे काही घालायचं नाही,” बाईंनी बजावलं.

“उपाशी ठेवायचा?”

“हो, उपाशीच!”

मावशींचं तोंड एवढंसं झालं.

मग साहेबांनी बाईंना दीड महिना कचेरीत डांबलं. सादरीकरणातला हिरवा रंग त्यांना पुरेसा हिरवा वाटत नव्हता. बाई वाफ्यांवर पोचल्या त्या थेट चाचणी बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी, आणि बघतात तर काय! हरितपोषकाचे कोबी मुठीएवढे, विनाखताचे घागरीएवढे.

साहेब कानाशी लागले, “पाट्या बदला. पटकन!”

बाईंनी पाट्या बदलल्या. तेवढ्यात पाहुणे आले.

“अगंबाई, आता हा उपाशी का?” मावशी गोळ्यांच्या वाफ्यावरची ‘विनाखत’ पाटी बघून मोठ्याने म्हणाल्या. “तरीच! लेंड्यांनी कुठं पोट भरतं? त्या दुसऱ्याला मी आमच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत घालत होते. बघवेना हो!”

पाहुणे बाईंकडे वळले. “हे खरं आहे?”

मावशी काहीतरीच बोलतात, एवढं म्हटलं की सुटका होती. पण मावशींकडे बघून बाईंची जीभ रेटेना.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पाट्याही आत्ताच बदलल्यात. मीच.”

साहेबांना अचानक खोकल्याची उबळ आली.

महिनाअखेरीस कायम झालेल्यांची यादी लागली. बाईंचं नाव नव्हतं. साहेबांचं बढतीच्या यादीत होतं.

दुपारी बाई बांधावर नुसत्याच बसून राहिल्या.

“डबा नाही आणला?” मावशींनी विचारलं.

“भूक नाही.”

वाफा उपाशी ठेवायचा म्हटल्यावर झालं होतं तसंच मावशींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी आपल्या डब्यातलं अर्धं झाकणात काढलं आणि पुढे सरकवलं.

“सहा वर्षं झाली, बाई,” त्या म्हणाल्या. “खा आता.”