शहांची बेगम भातलावणीला

शहा वारले, त्यांचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी खोजांचा मुख्य अंबर आगा तेहरानच्या जनानखान्यात आला. नव्या शहांच्या बेगमा यायच्या होत्या. आम्हाला आठ दिवसांत जागा रिकामी करायची होती. बाकीच्या दालनांत रडारड सुरू झाली. आमच्या गुलअंदाम खानम उशीला टेकून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

मी सनोबर, त्यांची दासी. खानम माझांदरानच्या एका गिरणीवाल्याची मुलगी. शिकारीला निघालेल्या शहांच्या नजरेस पडल्या आणि राजवाड्यात आल्या. पहिलं वर्षभर बोलावणं यायचं. पुढची एकवीस वर्षं त्या रोज न्हाऊन, भुवया रंगवून बसायच्या. संध्याकाळी मी तो रंग पुसायचे.

"एक सरदार तुम्हाला मागणी घालतोय," आगा म्हणाला. "शहांची बेगम आपल्या घरात असावी, अशी हौस आहे त्याला."

"मोर पाळ म्हणावं," खानम म्हणाल्या. "परत नटून वाट बघत बसायचं त्राण नाही माझ्यात, आगा."

खेचरांवरून डोंगर ओलांडून आम्ही त्यांच्या माहेरी गेलो. भावाने घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. भावजय रुबाबा जेवणाचं ताट दारात ठेवायची आणि मान खाली घालून निघून जायची. गावच्या बायका येऊन विचारायच्या, "शहा कसे हो होते?"

"त्यांना सारखी सर्दी असायची," खानम सांगायच्या आणि डोळे मिटायच्या.

महिना असाच गेला. कामाला हात लावू म्हटलं तर कोणी लावू देईना. भातलावणी सुरू झाली, तशी एका सकाळी त्या उठल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ शेतात उतरल्या.

"वन्सं, अहो काय हे! गाव मला नावं ठेवेल!" रुबाबा ओरडली.

"ठेवू दे. रोपं दे इकडे."

दोन ओळीही धड झाल्या नाहीत. खानमनी कंबर धरली. निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. रुबाबाने आधी ओढणीचं टोक तोंडाशी नेलं, मग तिला हसू आवरेना. "ही लावणी? बदकंसुद्धा हसतील, वन्सं!"

खानम हसल्या नाहीत. कशाबशा बांधावर आल्या.

"उद्या नीट दाखव मला," एवढंच म्हणाल्या आणि चिखलाच्या पायांनी तिथेच आडव्या झाल्या. क्षणात झोप लागली त्यांना. मी शेजारी बसून माशा वारत राहिले.