पुरावा म्हणून ठेवलेला गज

मी एक गज बोलतोय. हत्ती नव्हे आणि तुरुंगाच्या खिडकीचाही नव्हे, जरी माझ्या मालकिणीवर त्या दुसऱ्या भाऊबंदाच्या आड राहायची वेळ आली होती. मी शिंप्याचा गज. कापड मोजायचा.

मी पोलादाचा आहे, चपटा आणि हाताला जड. माझ्या अंगावर आकडे कोरले गेले तेव्हा वाटलं होतं, आपलं आयुष्य शर्टाच्या बाह्या आणि खिडक्यांचे पडदे यांच्या संगतीत जाईल. बरीच वर्षं तसं गेलंही. आधी मी बाबांच्या हातात होतो. बाबा गेल्यावर दुकान थोरल्या लेकीकडे आलं. सगळी गल्ली तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई ओठांत टाचण्या धरून बोलायची आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंही. पोट आत ओढून माप देणाऱ्यांना ती म्हणायची, "सोडा तो श्वास. पँट घालून दिवसभर वावरायचंय तुम्हाला."

ताईची धाकटी बहीण लग्न होऊन जवळच राहायला गेली होती. तिला एक लहान मुलगी होती. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा. मोठा गोडबोल्या. पुढे पुढे धाकटी ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे शिवून मागायला लागली. ताईनं एकदा विचारलं, "दंडाला काय झालं गं?"

"कपाटावर आपटले."

ताईनं बाही लांब कापली आणि गळा किती खोल हवा ते विचारलं. माणसांची ही सवय मला अजून उमजलेली नाही. एक खोटं बोलते, दुसरीला ते कळतं, आणि तरी दोघी पुढचं बोलत राहतात.

एका दुपारी धाकटी आली ती रिकाम्या हातानं. "ताई, मी आता तिकडे जाणार नाही. पोरीलाही घेऊन येऊ आपण." हातातला पाण्याचा पेला संपायच्या आत नवरा दारात उभा राहिला. आधी समजूत घातल्यासारखं बोलला. मग तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, तसं त्यानं तिला कापडाच्या टेबलावर उताणं पाडलं आणि गळा दाबला.

ताई त्याला मागून ओढत होती. तो हलेना. धाकटीच्या टाचा टेबलाच्या कडेवर आपटत होत्या. मग त्या आपटायच्या थांबल्या.

ताईनं मला उचललं. फटका त्याच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याची पकड सुटली, तो खाली बसला, आणि ताईनं मला लगेच टाकून दिलं. धाकटी खोकत होती. त्या खोकल्याइतका चांगला आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

तो थेट दवाखान्यात गेला आणि तिथून पोलिसांत. नवराबायकोच्या बोलण्यात मेहुणी मध्ये पडली, तिनं मागून हल्ला केला, मारतच सुटली, अशी त्याची तक्रार. पोलीस ताईला घेऊन गेले आणि मलाही. तिच्यावर हत्यारानं गंभीर दुखापत केल्याचा आरोप होता. ते हत्यार म्हणजे मी.

ठाण्यात मी टेबलावर पडलो होतो, ताई समोरच्या बाकावर. तिचं एक जुनं गिऱ्हाईक, एक वकीलबाई, धावत आल्या. अंगात ताईनंच शिवलेला काळा कोट.

"मॅडम, मी सांगते की मी मारलंच नाही. तो घसरून पडला."

"असं बोललात का कुणाजवळ?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. हाड मोडलंय, त्याचा एक्स-रे आहे. एकदा खोटं सापडलं की तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही." वकीलबाई तिच्याशेजारी बसल्या. "तुम्ही मारलंत, हे आपण कबूलच करायचं. का मारलंत, तेवढं सांगायचं. दुसऱ्याचा जीव वाचवायला हात उचलायचा हक्क कायदा देतो. पण गरजेपुरताच. पकड सुटल्यावर पुन्हा मारलंत?"

"नाही हो."

"धाकटीच्या गळ्यावर वळ असतील. डॉक्टरांना दाखवलंत?"

"घरी निजवून आले तिला."

"आत्ताच्या आत्ता न्यायला सांगा."

शेजारणीला फोन लावला, पण उशीर झाला होता. नवऱ्याची आई पोर रडतेय म्हणून सांगत आली होती आणि धाकटी तिच्या मागोमाग निघून गेली होती. तिच्या गळ्यावरचे वळ त्याच घरात फिके पडले. कुठल्याही डॉक्टरनं ते पाहिले नाहीत.

ताईला जामीन मिळाला. मला मिळाला नाही. गळ्यात चिठ्ठी बांधून मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं, सुरे आणि कोयते यांच्या शेजारी. मी कापड मोजतो हे सांगून पाहिलं. त्यांच्यातल्या कुणालाही ते पटलं नाही.

खटला उभा राहिला, आणि पुरावा म्हणून मलाही कोर्टातल्या टेबलावर ठेवलं. नवऱ्यानं शपथेवर सांगितलं की पाचसहा फटके बसले. डॉक्टर म्हणाले, जखम एकच. वकीलबाईंनी त्याला विचारलं होतं, "बाकीचे फटके कुठे गेले?" त्यावर तो नुसता हसला होता.

मग धाकटीला बोलावलं. साक्षीदार सरकारी बाजूची. ती खाली मान घालून म्हणाली, "बोलाबोली झाली. मग ताईनं मारलं." ताईनं डोळे मिटून घेतले.

वकीलबाई उठल्या. मला वाटलं, आता तिला फैलावर घेणार. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"फटका बसला तेव्हा तुम्ही उभ्या होतात?"

"नाही."

"बसल्या होतात?"

"आडवी होते."

"आणि यजमानांचा हात कुठे होता?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान जराशी हलवली. "ते माझी पोर ठेवून घेतील," ती म्हणाली.

न्यायाधीश म्हणाले, "घाई नाही. सावकाश सांगा."

"माझ्या गळ्यावर होता," ती म्हणाली. "मला दिसेनासं झालं होतं. ताईनं मारलं नसतं, तर मी आज इथे नसते."

ताई सुटली आणि धाकटी कोर्टातून थेट तिच्याकडे राहायला आली. पण पोर खरोखरच त्या घरात अडकली. तिच्या ताब्याचा दावा अजून चालू आहे, आणि धाकटी तिला दर आठवड्याला परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर भेटते. जुनी गिऱ्हाइकंही कमी झाली. "बाई चांगली आहे, पण हात उचलते," असं म्हणतात.

मी परत मिळालो तेव्हा ताईनं मला कपाटामागे ठेवून दिलं. तिथून तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. असा प्रसंग आलाच, तर आधी डॉक्टर गाठा आणि वकिलाला खरं सांगा. आणि ज्याला वाचवलंत, तो लगेच तुमच्या बाजूनं बोलला नाही, तर त्याला थोडा वेळ द्या. त्याच्या गळ्यावरचा हात तुम्हाला दिसत नसेल, पण तो अजून सुटलेला नसतो.

परवा धाकटी पडद्याचं कापड कापायला बसली. जरा वेळानं उठली आणि तिनं मला कपाटामागून ओढून काढलं.

"तो नको," ताई मशीनवरून म्हणाली. "टेप घे."

"टेपनं सरळ रेघ येत नाही गं."

मशीन थांबलं. ताई उठून आली आणि तिनं माझं दुसरं टोक धरलं. धाकटीनं खडू ओढला.