गाडीतली सवत

पितांबर शेठनी दिल्लीहून जुनी काळी मर्सिडीज आणली, तेव्हा जळगावात सगळ्यांत जास्त मिरवला तो त्यांचा ड्रायव्हर खाजा. कुठल्याशा वकिलातीनं वापरून लिलावात काढलेली गाडी, पण रुबाब काय तिचा! "आमच्या गाडीत फोन आहे फोन! बसल्या जागी बोलायचं," असं तो मेहरूणच्या गल्लीभर सांगत सुटला.

आणि त्याच फोननं पुढं त्याचं डोकं फिरवलं.

इतकी वर्षं जळगाव-धुळे रस्त्यावर शेठ बोलायचे ते खाजाशी. सरकीचा धंदा, जावयाचे नखरे, पोरांची भांडणं, बठ्ठं सगळं. शेठाणीच्या आधी खाजाला कळायचं. थोरल्याची सोयरीक शिंदखेड्याला जमली, तीसुद्धा खाजानं "शेठ, माणसं सरळ आहेत" म्हटल्यावर. आणि आता? एरंडोल सुटलं की शेठ मागं रेलून तो काळा दांडका कानाला लावायचे आणि हळू आवाजात गुलुगुलु सुरू. खाजानं तोंड उघडलं की हातानंच "थांब".

आग लागो त्या फोनला! खाजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"यंत्रावर काय जळता?" सुगराबी, त्याची बायको, हसायची.

"यंत्र कसलं? सवत आहे सवत!"

शेवटी एका सकाळी गाडी पुसता पुसता त्यानं डिकी उघडली. आत फोनची पेटी होती. तिच्यातून एरियलकडं गेलेली जाड तार त्यानं कचकन उपटली. बोल म्हणावं आता!

धुळ्याच्या वाटेवर पारोळा मागं पडलं. शेठनी फोन उचलला. खाजा आरशात बघून गालातल्या गालात हसला.

"हॅलो. हां, बोला," शेठ म्हणाले. मग "हो हो", मग "बरोबर आहे".

खाजा चाटच पडला. तार उपटलेली, तरी यांचं चालूच! म्हणजे हा दिल्लीचा फोन इकडं कधी लागतच नव्हता. नुसतं सोंग! त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता धुळ्याला चहा पिताना शेठची अशी फिरकी घेतो की बस्स.

"खाजाचं काय करू, सांगा," शेठ म्हणाले. आज आवाज मोठा होता.

खाजाचं हसू मावळलं.

"नजर गेलीय त्याची. परवा धरणगावला जाताना बैलगाडी अगदी अंगावर आली तेव्हा दिसली त्याला. पोरं म्हणतात, दुसरा ड्रायव्हर बघा. मी रोज ठरवतो, आज सांगू. पण जीभ रेटत नाही, मग हा दांडका कानाला लावून बसतो. खाजा मन्हा भाऊ शे हो. भावाला उतर कसं म्हणू?"

लेकी बोले सुने लागे, ही रीत खाजाला काय नवी होती? पलीकडं कुणी नव्हतं. हे सगळं त्यालाच सांगणं होतं. राग कुणावर काढावा तेच कळेना.

त्यानं एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली.

"ठेवा तो फोन, शेठ. मला सांगा."

शेठनी फोन ठेवला.

"खाजाभाई, आता तू गाडी चालवू नको."

"बरं." खाजानं तोंडावरून रुमाल फिरवला. "धुळ्यापर्यंत तरी नेऊ?"

शेठ मागचं दार उघडून उतरले आणि पुढं येऊन त्याच्या शेजारी बसले.

"ने," ते म्हणाले. "रस्ता मी बघतो."